वकिलाचे पाच पौंड

‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेची जन्मकथा सांगताना एक प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. एप्रिल १९१९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात एग्लंटाईन जेब यांना पत्रके वाटल्याबद्दल अटक झाली. न्यायालयाने पाच पौंड दंड ठोठावला आणि खुद्द सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी तेवढीच रक्कम त्यांच्या हाती ठेवली. निधीची ही पहिली देणगी! ब्रिटिश न्यायबुद्धीच्या या औदार्याने वाचकाने सद्गदित व्हावे, अशी कथाकारांची अपेक्षा असते.

परंतु त्या पत्रकांत होते काय? उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन बालकांची छायाचित्रे होती आणि त्या उपासमारीस ब्रिटनची नाकेबंदी जबाबदार असल्याचा स्पष्ट आरोप होता. युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्येच थांबले होते. जर्मनीची नाकेबंदी मात्र व्हर्सायचा तह तिच्या गळी उतरवल्यानंतर, जुलै १९१९ मध्ये उठली. म्हणजे मुलांची भूक ही दैवी आपत्ती नव्हती; पराभूतांची मान वाकवण्यासाठी हेतुतः वापरलेले ते हत्यार होते. हे उघड बोलणे हाच जेब यांचा खरा गुन्हा. वकिलाने खिशात हात घातला, पण त्याच्या सरकारने नाकेबंदीला हात लावला नाही. दया आणि धोरण यांतील हा फरक आहे.

जेब यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. १९२१ च्या दुष्काळात ‘डेली एक्सप्रेस’सारखी पत्रे विरोधाचा गदारोळ करीत असतानाही त्यांच्या संस्थेने व्होल्गाकाठच्या सारातोव्ह प्रांतात मुलांना अन्न पुरवले. शत्रूचे मूल म्हणून त्यांनी कोणास उपाशी ठेवले नाही.

पण पुढे काय झाले? जेब यांनी तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने स्वीकारला. मुलांचे देणे मानवजातीवर आहे, असे त्यात म्हटले होते. अखिल मानवजात ऋणको ठरली की प्रत्यक्ष देणेकरी सुखाने निसटतो! त्याच वर्षी ब्रिटिश अमलाखालील मुंबईच्या गिरण्यांत बारा वर्षांच्या पोराला रोज सहा तास राबवण्यास १९२२ च्या कायद्याची मुभा होती.

स्वतंत्र भारताचे राज्यकर्तेही याच वाटेने गेले. १९८९ च्या बालहक्क करारास भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. सोबत, सर्व क्षेत्रांत कामासाठी किमान वय तात्काळ ठरवणे व्यवहार्य नाही, अशी पुस्तीही जोडली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या मजुरीवर सर्वत्र बंदी घातली, पण शाळेनंतर ‘कौटुंबिक उद्योगात’ मदत करण्याची पळवाट ठेवली. घरोघरी विड्या वळल्या जातात त्या देशात या दोन शब्दांचा अर्थ मालकाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि संस्थेचे काय? २०१४ मध्ये तिच्या अमेरिकन शाखेने टोनी ब्लेअर यांचा गौरव केला. इराकवर युद्ध लादणाऱ्या ब्रिटिश पंतप्रधानास मुलांच्या नावाचा पुरस्कार! याविरुद्ध आवाज उठवला तो संस्थेच्याच शेकडो कर्मचाऱ्यांनी. ट्रॅफल्गार चौकातील पत्रकाचे खरे वारस तेच.

भुकेल्या मुलाला आज भाकरी मिळालीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ती भाकरी कोणी हिरावली, हा प्रश्न देणगीच्या पावतीखाली गाडला जाता कामा नये. पाच पौंडांनी दंड फिटतो, नाकेबंदी उठत नाही. ती उठवण्यास संघटित जनशक्तीच लागते.