एक कॅमेरा, अनेक डोळे

पावसाळ्यांत मोरांसाठीं शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली, आणि हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांसाठीं दौंडपुढें भिगवणजवळचा उजनीचा जलाशय, अशा या भागांतील हौशी मंडळींच्या फेऱ्या आतां ठरून गेल्या आहेत. बिनआरशाचे कॅमेरे व मोबाईल आले असले तरी पुष्कळ घरांतून आरशाचा कॅमेरा अद्याप जपलेला आहे. एकत्र कुटुंबांत तो बहुधा एकच असतो व काका, पुतणे, सुना अशा सर्वांच्या हातांतून फिरतो. मग 'यांतून सारें धूसर दिसतें, कॅमेरा बिघडला' अशी तक्रार कानीं येते. बहुतेक वेळां बिघडलेलें कांहींच नसतें. म्हणून या महिन्यांत आम्ही कॅमेऱ्याच्या दोन अंगांचा विचार वाचकांपुढें मांडीत आहों: डोळा लावावयाची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, आणि पाठीमागचा पडदा, म्हणजे स्क्रीन.

भिंगाच्या मागें ४५ अंशांत तिरपा आरसा बसविलेला असतो. भिंगांतून आलेला प्रकाश तो वर फेंकतो, आणि वरचा लोलक उलटें दृश्य सुलट करून डोळ्यापुढें आणितो. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, खिडकी क्षणभर काळी होते, व प्रकाश मागील संवेदकावर पडतो. याचा अर्थ असा कीं, ज्या क्षणीं चित्र उमटतें, नेमका तोच क्षण खिडकींतून पाहणाऱ्यास दिसत नाहीं. उमटलें काय, हें पडदाच सांगतो.

आतां त्या धूसरपणाविषयीं. खिडकीच्या कडेस एक लहानसें चाक असतें. त्यास डायॉप्टरचें चाक म्हणतात. तें आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणें फिरवावें. फिरवितांना दूरच्या झाडाकडे लक्ष न देतां खिडकींतल्या खुणा व खालचे आंकडे रेखीव दिसतात कीं नाहीं, एवढेंच पाहावें. चाक पुतण्याच्या डोळ्यास जुळविलेलें असेल, तर काकांस धूसर दिसणारच. नंबर मोठा असल्यास चष्मा लावूनच चाक जुळवावें. भिंग यंत्रच जुळवीत असेल तर चित्र तरीहि रेखीव येतें. परंतु हातानें जुळवावयाचें असल्यास डोळा फसतो आणि त्याबरोबर चित्रहि. तेव्हां ज्यानें कॅमेरा हातीं घ्यावा, त्यानें प्रथम चाक पाहावें.

उजनीच्या नावेंत खिडकीच बरी. कॅमेरा कपाळाशीं टेंकला म्हणजे हात स्थिर राहतो; पाण्यावरच्या उन्हांत पडदा नीट दिसतहि नाहीं. शिवाय पडद्यावर पाहत चित्र घेण्याच्या पद्धतींत, जीस लाइव्ह व्ह्यू म्हणतात, आरसा सतत वर राहतो, बॅटरी लवकर उतरते, आणि पुष्कळ आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंग जुळण्यास वेळ लागतो. तोंवर पक्षी उडालेला असतो. मात्र साधारण कॅमेऱ्याच्या खिडकींत चित्राचा शेंकडा सुमारें ९५ भागच दिसतो. कडेची नावेची दोरी डोळ्यास दिसली नाहीं, तरी चित्रांत येऊन बसते.

उलट, टाकळी हाजी व निघोज यांमधील कुकडीच्या पात्रांतले रांजणखळगे जमिनीलगत टिपावयाचे असतील, तर वळणारा पडदा फार उपयोगीं पडतो. प्रौढ माणसास खडकावर पालथें पडावें लागत नाहीं. परंतु पडद्याचा उजाळा फसवा असतो. अंधारांत काळवंडलेलें चित्रहि त्यावर झळकतें, तर उन्हांत चांगलेंहि मंद वाटतें. याकरितां हिस्टोग्राम नांवाचा आलेख पाहावा. त्याची रास उजव्या कडेस चिकटली असेल, तर पांढऱ्या उपरण्याची वीण नाहींशी झाली असें समजावें. डाव्या कडेस चिकटली असेल, तर सावलींतला तपशील गेला.

हें सारें पक्ष्यांपुरतें असतें, तर आम्ही इतका आग्रह धरिला नसता. पक्षी पुढच्या हिवाळ्यांत पुन्हा येतात. घरच्या वडीलधाऱ्यांचें तसें नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. सर्व कुटुंबाचें छायाचित्र निघालें, तळहाताएवढ्या पडद्यावर तें सर्वांनीं पाहिलें, 'छान' म्हटलें, आणि मंडळी पानांवर बसली. पुढें तें मोठें केलें तेव्हां आजींचे डोळे मिटलेले निघाले. वर्षाच्या आंत आजी गेल्या. तें चित्र दिवाणखान्यांत लावावें कीं लावूं नये, हा प्रश्न त्या घरास अद्याप सुटलेला नाहीं. चित्र घेणाऱ्या मुलास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. आजींची पापणी मिटली त्या क्षणीं त्याची खिडकी काळी होती.

उपाय अगदीं सोपा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांवर भिंगाची खूण असलेलें एक बटण असतें. तें दाबलें म्हणजे पडद्यावरचें चित्र मोठें होतें, आणि एकेकाचे डोळे तपासून पाहण्यास फारसा वेळ लागत नाहीं. घरीं मुंज असो, साठी असो, एकाच चित्रावर न थांबतां तीन-चार घ्यावीं, आणि तीं मोठीं करून पाहीपर्यंत वडील मंडळींस उठूं देऊं नये. पानें वाढलीं असलीं तरी घटकाभर खोळंबलेलीं चालतील.