पानमळ्यातली ऊब

पौषात महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तेव्हा आम्हा सातारकरांची हाडे कुडकुडतात. विलायतेत अशा वेळी लोक काचघरात शिरतात. लंडनला क्यू बागेत १८४८ साली पुरे झालेले ताडघर आहे. पण तिथे ऊब विकत आणावी लागते!

आपले काचघर मिरज तालुक्यात आरग-बेडगला, बिनकाचेचे. पायताण बांधावर काढा आणि पानमळ्यात शिरा. भोवती आडोसा, वर शेवरी-शेवग्याची दाट सावली, पायाखाली ओला वाफा. झोंबरे वारे बाहेरच राहते. उघडे रान दिवसाची ऊब रात्री आभाळाला देऊन बसते; इथे ती पानांच्या छताखाली अडते.

नागवेल मिरीच्या कुळातली, उष्ण दमट मुलखातली. गारठ्यात तिचे पान लहान राहते, पिवळे पडून गळते. मागे एका मळेकऱ्याने शेळ्यांसाठी उत्तरेची शेवरी तोडली आणि त्या अंगाच्या दोन ओळी पिवळ्या पडल्या. "छाटा, जरा ऊन येऊ द्या," असे मीच म्हणालो होतो. तो काही बोलला नाही, चहा मात्र दिला.

तेव्हा संक्रांत होईपर्यंत शेवरीला कोयता लावू नका. पाणी विहिरीचे, कोमट असते ते, हलकेच द्या.