गाडीचं मॉडेल बनवताय? मग मोजणीचे पैसे वेगळे लावा

थ्रीडी प्रिंटिंगचा छोटा धंदा सुरू करणारे बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: "ताई, सॉफ्टवेअर कोणतं शिकू?" माझं उत्तर ऐकून हिरमुसतात. मी म्हणते, आधी 5 मीटरचा टेप आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन या. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकवणारे व्हिडिओही फुकट मिळतात. खऱ्या गाडीची खरी मापं मात्र कुणी आणून देत नाही. म्हणूनच तिथे पैसे आहेत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगा दुकानात आला. वडिलांनी आयुष्यभर मुंबईत काळी-पिवळी चालवली, त्यांच्या वाढदिवसाला त्याच गाडीचं मॉडेल द्यायचं होतं. गाडी प्रीमियर पद्मिनी. ती केव्हाच भंगारात गेलेली, हातात घरचे चार फोटो. मी 12,000 रुपये सांगितले, निम्मे आगाऊ घेतले आणि नेटवरून एक चार बाजूंचा आराखडा उतरवून कामाला लागले. तो आराखडा इटलीतल्या फियाट 1100 चा होता. स्टिअरिंग तेवढं उजवीकडे घेतलं, बाकी तसंच ठेवलं. मला ते छानच वाटत होतं.

वडिलांनी मॉडेल हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. पण ही माझी नाय."

पुढची जाळी वेगळी, बंपर वेगळा, टपावरचा कॅरिअर नाही, डाव्या बाजूचा मीटर नाही. मी पैसे परत केले. साठेक तासांचं काम आणि मटेरियल पाण्यात गेलं. पैशांचं दुःख महिनाभर टिकलं, त्या वाक्याचं अजून आहे.

चूक कुठे झाली ते सांगते. आपण "फियाट" म्हणतो ती एक गाडी नाहीच. पन्नासच्या दशकातली 'डुक्कर फियाट' वेगळी, तिची पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागरी मागे असलेली. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तीच कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. अंगाचा आकार साधारण तोच, पण जाळी, दिवे, बंपर बदलत गेले. त्यात प्रत्येक मालकाने आणि टॅक्सीवाल्याने आपापली भर घातली. गिऱ्हाईक त्या भरीचे पैसे देतं.

आता कामाचं बोलू. फोटो काढायला जवळ जाऊ नका. मोबाईलची मुख्य लेन्स वाइड असते. गाडीपासून दोन मीटरवर उभे राहिलात तर जवळचा भाग फुगतो, लांबचा आकसतो, आणि त्या फोटोवरून काढलेलं बॉनेट केळ्यासारखं होतं. आठ-दहा मीटर मागे जा, मग झूम करा. मोबाईल चाकाच्या मध्यापेक्षा थोडा वर धरा आणि गाडीच्या बरोब्बर काटकोनात उभे राहा. चाकाला टेकवून एक मीटरची पट्टी उभी करा, म्हणजे प्रत्येक फोटोत माप आपोआप येतं.

मापांत पहिलं घ्यायचं ते दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर. या गाडीचं ते 2340 मिलीमीटर. 1:18 च्या मॉडेलमध्ये बरोबर 130 मिलीमीटर येतं, लक्षात ठेवायला सोपं. पण कागदावर विसंबू नका. दोन्ही बाजूंनी मोजा. जुन्या गाडीने कधीतरी धडक खाल्लेली असते, डावी-उजवी बाजू सारखी भरेलच असं नाही. रिमच्या बाबतीत तर हमखास फसायला होतं. रिम 14 इंची म्हणून फोटोत दिसणारी कड 355.6 मिलीमीटर धरली की सगळं मॉडेल लहान होतं. 14 इंच हा टायर बसतो तिथला व्यास आहे, बाहेर दिसणारी कड त्याहून मोठी असते. तीही टेपने मोजा.

ओळंबा कशाला? बंपरचं टोक, मडगार्डची कड, टपाचा कोपरा, जिथून जिथून तो सोडाल तिथे खाली फरशीवर खडूची खूण करा. गाडी बाजूला घेतली की वरून दिसणारा आकार जमिनीवर काढलेला सापडतो. खुणा एकमेकींपासून मोजा, झालं. ड्रोन नको, काही नको. फक्त जमीन सपाट हवी आणि टायरमध्ये हवा नीट भरलेली हवी, नाहीतर उंची चुकते.

"फोटोग्रामेट्री करू ना, शंभर फोटो टाकले की सॉफ्टवेअर बनवतं" असं म्हणणारेही भेटतात. करा. पण चकाकता रंग, काच आणि क्रोम यांच्यावर ते गडबडतं, कारण तुम्ही हललात की त्यातलं प्रतिबिंबही हलतं. तुम्ही येणार म्हटल्यावर मालक हौसेने गाडी धुऊन, पॉलिश करून ठेवतो. आदल्या दिवशी फोन करून सांगा, "काका, धुऊ नका हं." धुळीने माखलेली गाडी उत्तम स्कॅन होते. शिवाय स्कॅनला आकार कळतो, माप कळत नाही. टेप तिथेही लागतोच.

किती बारीक मोजायचं, हा हिशोबही धंद्याचाच आहे. खऱ्या गाडीवर 10 मिलीमीटर चुकलात तर 1:18 मध्ये साधारण अर्धा मिलीमीटर. टपावर चालून जाईल, हेडलाइटजवळ नाही. दाराची 5 मिलीमीटरची फट 0.28 मिलीमीटर होते, साध्या प्रिंटरचं नोझल 0.4 चं असतं. ती फट मुद्दाम मोठी दाखवावी लागते. म्हणून मी चेहरा, म्हणजे जाळी, दिवे आणि बंपर, दोनदा मोजते आणि तळ एकदाही नाही.

हे सगळं धरून एक पूर्ण दिवस जातो. त्याचे मी 3,500 रुपये वेगळे घेते, आगाऊ, परत न मिळणारे. यावर मला ऐकवतात, "शिंपी मापाचे पैसे घेतो का?" नाही घेत. पण शिंप्याचं गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि माप पाच मिनिटांत होतं. माझं गिऱ्हाईक बदलापूरला आणि गाडी तिच्या मामाकडे साताऱ्यात. ही रक्कम ऐकून काही जण परत येत नाहीत, हे खरं आहे. जे येतात ते मात्र माझ्याशी घासाघीस करत नाहीत, कारण मी टपाचा कोपरा मोजताना त्यांनी बघितलेलं असतं.

मालकाच्या घरी गेलात की टेपच्या पत्र्याच्या टोकाला कापडी पट्टी चिकटवा, रंगावर ओरखडा गेला तर धंदा तिथेच संपला. दार उघडण्याआधी विचारा. चहा नाकारू नका, चहा पिताना कळतं की उजवा आरसा मूळचा नाही, तो चोरीला गेल्यावर स्कूटरचा बसवलाय. तो आरसा मॉडेलमध्ये आलाच पाहिजे. आणि कंपनीचं बोधचिन्ह लावून शंभर नग विकायचा विचार असेल तर आधी वकिलाला भेटा.

घाई करा, एवढं मात्र सांगेन. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 ची होती, वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या अजून आहेत, पण त्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली. एका सोसायटीने अशीच एक गाडी महिन्याभरात हलवा म्हणून नोटीस दिलीय. मालकीणबाई सत्तरीच्या आहेत, गाडी नवऱ्याची होती. रविवारी सकाळी सातला जातेय. धुऊ नका म्हणून फोन केला, तर म्हणाल्या, "अगं, तीन वर्षं कोणी हातच लावलेला नाही."