अरुण आठवलेचे आईबाप कुठं आहेत?

आपल्या नाटकवाल्यांना घर म्हटलं की एकच घर दिसतं. दिवाणखाना, दिवाणखान्यात खुर्ची, खुर्चीत बाप, बापाच्या हातात पेपर. आई आतून चहा घेऊन येते. मराठी रंगभूमीनं पिढ्यान्‌पिढ्या हाच चहा पाजला. त्या घरात आपल्याला शिरायला दोनच दारं. एक मागचं, संडास झाडायला नाहीतर भांडी घासायला. दुसरं पुढचं, जावई म्हणून. आणि जावई आला की अख्खं नाटक एकाच सवालावर उभं राहतं, की हा आपल्यात बसेल का?

तेंडुलकरांचं 'कन्यादान' घ्या. साल १९८३. नाथ देवळालीकर समाजवादी पुढारी. त्यांची पोरगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते. अरुण दारू पितो, तिला मारतो. नाथांचं समतेचं स्वप्न फुटतं. या नाटकापायी तेंडुलकरांना चप्पल खावी लागली आणि पुढं याच नाटकाला सरस्वती सन्मानही मिळाला. दलित नवरा बायकोला मारत नाही, असं मी म्हणणार नाही. मारतो. आपल्या वस्तीतल्या बाया साक्ष देतील, आणि ते नाटक त्यांनीच लिहावं.

माझा सवाल वेगळाय. अरुणचे आईबाप कुठं आहेत? ते रंगमंचावर येतच नाहीत. त्याच्या बोलण्यात येतात तेवढंच. देवळालीकरांचे आई, बाप, भाऊ, बहीण आपल्या डोळ्यांसमोर भांडतात, रडतात, चुकतात. माणसं वाटतात. आठवल्यांच्या घराला मात्र दारसुद्धा नाही. मग प्रेक्षक कुणाच्या घरात बसून बघणार? ज्याचं घर स्टेजवर, त्याच्याच.

ज्या काळ्या अमेरिकेकडून आपण पँथर हे नाव घेतलं, तिथं हे गणित लॉरेन हॅन्सबेरी नावाच्या बाईनं १९५९ सालीच उलटं केलं. नाटक 'अ रेझिन इन द सन'. शिकागोतल्या यंगर कुटुंबाची कोंदट खोली, हेच स्टेज. आजी, पोरगा, सून, पोरगी, नातू. गोऱ्यांच्या वस्तीत त्यांनी घर घेतलंय. तुम्ही येऊ नका, पैसे देतो, हे सांगायला गोरा माणूस त्यांच्या दारात येतो. इथं काळं घर यजमान आणि गोरा पाहुणा. त्याला बसवायचं की हाकलायचं, हे काळं घर ठरवतं. एवढं एक दार फिरवलं आणि सगळं नाटक फिरलं.

आपल्याकडं ते दार पडद्यावर उघडलं नागराज मंजुळेनं. मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, पण कॅमेऱ्याचं शिक्षण नगरच्या कॉलेजात. 'फँड्री' घडतो आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातल्या अकोळनेरात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं. गावकुसाबाहेरच्या झोपडीचा पत्ता तोच.) सगळे म्हणतात ही जब्या आणि शालूची प्रेमकथा. कसली प्रेमकथा? त्या पोरीशी जब्या धड बोलतसुद्धा नाही. मी म्हणतो, ही कचरू मान्याच्या घराची गोष्ट आहे. पोरीचं लग्न काढलंय, पैसा नाही, म्हणून गाव सांगेल ती डुकरं धरायची. बाप, आई, बहिणी, जब्या, सगळं घरदार एका डुकराच्या मागं धावतं आणि गाव कडेला बसून तमाशा बघतं. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. घर ताठ उभं राहतं. डुक्कर थोडंच थांबतंय!

मी हा सिनेमा नगरला थेटरात पाहिला. घर डुकरामागं पळायला लागलं तशी मागच्या रांगेतली पोरं खदाखदा हसली. पडद्यावरचं गावही हसत होतं. शेवटी जब्यानं दगड भिरकावला, तो सरळ कॅमेऱ्यावर आला आणि थेटर चिडीचूप झालं. दगड कुणाला होता हे हसणाऱ्यांना बरोबर कळलं.

'फँड्री' लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. त्यानंतर ७३ दिवसांनी, २८ एप्रिलला, याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे मेला. वय १७. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारून झाडाला लटकवलं, असा खटला उभा राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले. त्याच्याआधी १ जानेवारी २०१३ ला नेवासा तालुक्यात सोनईला मेहतर समाजाची तीन पोरं कापली गेली. तिथं शिक्षा लागली ती मुलीच्या बापाला, भावाला, चुलत्याला. दिवाणखान्यातल्या त्या प्रेमळ कुटुंबाचं हे दुसरं तोंड. जात कुठल्या पोथीत राहते म्हणून शोधत बसू नका. ती घरात राहते, आईच्या हातचं जेवते आणि पोरगी वयात आली की कोयता काढते.

इथवर सगळे माना डोलावतील. आता आपल्या दारात येतो.

जब्याला आपण दलित म्हणतो. सरकार काय म्हणतं? जब्या कैकाडी. 'फँड्री' हा शब्दच कैकाडी भाषेतला, अर्थ डुक्कर. इंग्रजानं या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९५२ ला पुसला, म्हणून त्या 'विमुक्त'. अमरावती, अकोला, नागपूरकडं कैकाडी अनुसूचित जातीत येतो. नगर जिल्ह्यात येत नाही. आणि १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींपुरता. म्हणजे अकोळनेरच्या कचरूला कुणी भर चावडीवर जातीवरून शिवी घातली, तर त्या कायद्याखाली केस लागत नाही. हेच घर अमरावतीला असतं तर लागली असती. तीच शिवी, तीच जात, मध्ये फक्त एसटीचा प्रवास!

हे सरकारचं झालं. पण दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे कोण? अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि धर्माच्या, सत्तेच्या, पैशाच्या नावाखाली पिळले जाणारे सगळे. कागदावर आपण कचरूला केव्हाच घरात घेतलाय. प्रत्यक्षात? कैकाड्याचं पोर १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नाचतं. त्याच्या पालावर जेवायला आपण किती जण गेलो? बौद्धाच्या घरात मातंगाची पोरगी सून म्हणून आली, तर त्या घरात त्या रात्री काय होतं? चर्मकाराच्या घरात मेहतराचा जावई आला तर? तो दिवाणखाना, तो पेपर, तो चहा आपल्याही घरात येऊन बसलाय, दोस्तांनो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे म्हणून तो आपोआप उठून जात नाही. 'फँड्री'तही मारलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते घर जातं आणि मागं भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. फोटो भिंतीवरच राहतात. ओझं मान्यांच्याच खांद्यावर.

'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. नितीनला जाऊन दोन वर्षं आणि एक दिवस झाला होता. गावोगावच्या वरातीत 'झिंगाट'वर लोक फुटेस्तोवर नाचले. त्यातली बहुतेक लग्नं जातीतल्या जातीत! आपल्याही वरातीत तेच. सिनेमानं त्याचं काम केलं. नाचणाऱ्यानं पत्रिकेवरचं आडनाव बघितलं नाही.

म्हणून लिहिणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं आहे. सवर्णाच्या घरानं आपल्याला पत्करलं की नाही, हे नाटक बास झालं. आता आठवल्यांचं घर लिहा. त्यात अरुणची आई असू दे, सासरहून परत आलेली बहीण असू दे. त्या घराच्या दारात एक दिवस कचरू मान्याची पोरगी सून म्हणून उभी करा, आणि आत काय बोलणं होतं ते एक शब्द न गाळता लिहा. आपल्या लोकांना झोंबेल. एखादी चप्पल आपल्यावरही येईल. येऊ द्या. असलं नाटक नगरच्या, जामखेडच्या, नेवाशाच्या वस्तीत करा, बत्तीच्या उजेडात करा, पण करा. आणि प्रयोग संपल्यावर पुढच्या रांगेतल्या आईला विचारा, 'माय, तू हिला घरात घेतली असतीस का?' ती काय म्हणते ते पुढच्या अंकात छापू.