कशाचे टक्के?

काही त्रास नसताना माझ्या मामाने रोज अ‍ॅस्पिरिन सुरू केली. म्हणे, “हार्टचा धोका दहा-बारा टक्क्यांनी कमी होतो!” एम-थ्रीला केटी लागलेला मी काय बोलणार? गप्प बसलो.

मग २००९ सालचं एक मेटा-अ‍ॅनालिसिस वाचलं. सहा ट्रायल्स, हृदयविकार नसलेली ९५ हजार माणसं. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे गंभीर घटना वर्षाला दहा हजारांत ५७ च्या ५१ झाल्या. फरक फक्त सहाचा! उलट मोठे रक्तस्राव सातचे दहा झाले. ज्यांना आधीच अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलाय, त्यांच्यात मात्र ८२० चे ६७० झाले. गोळी तीच, पण तिथे वाचले दीडशे.

इफेक्ट साइझ म्हणजे हेच. फरक पडतो का, एवढंच नाही. किती पडतो आणि कोणाला? माझं स्पष्ट मत आहे, नुसते टक्के छापणं ही अर्धवट माहिती आहे. दहा हजारांत किती, हेही छापलंच पाहिजे.

दिवाळीत मामाला डॉक्टरांकडे नेणार आहे. गोळी ठेवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. तुम्हीसुद्धा मित्रांनो, टक्के ऐकलेत की आधी विचारा... कशाचे?