बिस्किटांवर चालणारी रेल्वे

परवा कॉस्टिंगच्या तासाला सरांनी नेहमीचे उदाहरण घातले. एका कारखान्याचे तीन विभाग. त्यांपैकी ‘क’ विभाग तोट्यात. चालू ठेवावा की बंद करावा? आम्ही सर्वांनी एकमुखाने तो बंद केला. मला मात्र रात्री आमच्या गावची संध्याकाळची बस आठवली. तीही ‘उत्पन्न नाही’ म्हणूनच बंद झाली आणि तेव्हापासून मी शहरात खोली घेऊन राहतो. त्या खोलीचे भाडे बसच्या हिशेबात कुणी धरले नाही!

म्हणून जपानमधल्या एका ‘क’ विभागाची हकीकत सांगावीशी वाटते.

टोकियोच्या पूर्वेला, तोने नदी समुद्राला मिळते तिथे चोशी नावाचे शहर आहे. मासेमारी आणि सोयासॉस यांवर ते जगते. तिथली चोशी विद्युत रेल्वे १९२३ साली सुरू झाली. लांबी अवघी ६.४ किलोमीटर, स्टेशने दहा, डबे दुसऱ्या कंपन्यांनी वापरून काढलेले. (त्याआधी १९१३ साली तिथे एक रेल्वे निघाली होती, चार वर्षांत ती बुडाली आणि रूळसुद्धा उखडले गेले.) पुढे वस्ती घटली, मोटारी वाढल्या, तिकिटांवर भागेना. तेव्हा १९९५ पासून कंपनी ‘नुरे सेन्बे’ विकू लागली. सेन्बे म्हणजे तांदळाचे खारे बिस्कीट. हे सोयासॉसमध्ये बुडवून मुद्दाम मऊ केलेले. मऊ पडलेला पापड आपल्याकडे कोणी ताटात घेणार नाही, पण तिथे तो खपला.

खरी कसोटी २००६ साली लागली. माजी अध्यक्षाने कंपनीच्या पैशांची अफरातफर केल्याचे उघडकीस आले आणि कायद्याने सक्तीची असलेली डब्यांची तपासणी करून घेण्याइतकीही रक्कम उरली नाही. कंपनीने सरळ जाहीर केले, की गाडीच्या दुरुस्तीसाठी पैसे हवेत, कृपा करून आमची बिस्किटे घ्या. देशभरातून इतक्या मागण्या आल्या, की माल वेळेवर पाठवणे जमेना. रेल्वे वाचली.

हे मी आमच्या कन्नड विभागातल्या मित्राला सांगितले. तो हसून म्हणाला, ‘‘बिस्कीट मारि रैल ओडस्तारेनो?’’ बिस्किटे विकून रेल्वे चालवतात काय रे! मी त्याला आपल्या या अंकाची शेवटची पाने दाखवली. कापड दुकान, स्टेशनरी, खानावळ. त्या जाहिराती नसत्या तर त्याची कन्नड कविता आणि माझा हा लेख कोणी छापला असता?

माझे म्हणणे एवढेच, की अशा ठिकाणी विभागवार हिशेब फसवा असतो. चोशीत बिस्किटांचे उत्पन्न तिकिटांहून कितीतरी जास्त. मग रेल्वे बंद करून नुसती बिस्किटेच का विकू नयेत? कारण रेल्वे बंद झाली की ते बिस्कीट चार बिस्किटांतले एक होईल. गिऱ्हाईक खरेदी करते ते गाडीसाठी. तोट्यातला विभाग नफ्यातल्या विभागाचे गुडविल सांभाळत असतो, आणि त्याची नोंद कुठल्याच खात्यात नसते. २०१२ साली या कंपनीचे अध्यक्ष झालेले ताकेमोतो मुळात करसल्लागार. पुढे ते स्वतः गाडी चालवायलाही शिकले. २०१८ साली त्यांनी ‘माझुई बो’ नावाची खाण्याची कांडी काढली. ‘माझुई’ म्हणजे बेचव, आणि ‘परिस्थिती वाईट’ असाही अर्थ. आपल्याच ताळेबंदावर विनोद!

तरी मी या गोष्टीवर अगदीच भाळलेलो नाही. दयेपोटी घेतलेले बिस्कीट एकदा खपते, दोनदा खपते. घसारा मात्र दर वर्षी येतो. दयेचा घसारा-निधी कसा उभारणार, हे मला अजून कळलेले नाही.

या मार्गावर कासागामी-कुरोहाए नावाचे स्टेशन आहे. एकेरी मार्गावरच्या गाड्यांची क्रॉसिंग तिथे होते. कंपनीने स्टेशनांना टोपणनावे देण्याचे हक्क विकायला काढले, तेव्हा २०१५ साली केसांच्या निगेची उत्पादने विकणाऱ्या एका कंपनीने हे स्टेशन घेतले आणि मूळ नावात थोडा फेर करून ‘काळे केस उगवतात’ अशा अर्थाची पाटी लावली. याच स्टेशनाजवळ जानेवारी २०१४ मध्ये गाडी रुळावरून घसरली होती. दुरुस्तीला पैसे नव्हते. तेव्हा चोशीच्या वाणिज्य शाळेतल्या मुलांनी, म्हणजे वयाने आमच्याहूनही लहान मुलांनी, इंटरनेटवरून वर्गणी गोळा केली. ती गाडी पुढच्या वर्षी पुन्हा धावू लागली.

हे सारे मी सरांना सांगितले. सर म्हणाले, ‘‘ठीक आहे, आता तुमच्या गावच्या बसचा हिशेब मांडून आण. तुझ्या खोलीचे भाडेही त्यात धर.’’

वही उघडून बसलो आहे. गावातून शहरात खोल्या करून राहिलेली मुले आतापर्यंत अकरा भरली.