हौस आणि हक्क

मुलीने खेळावे, परंतु हौसेपुरते. खेळावर तिने चरितार्थ चालवावा हे मात्र घरंदाजपणास शोभत नाही, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गात अद्याप नांदत आहे. ती केवळ आपलीच आहे असे नव्हे. गोल्फसारख्या श्रीमंतांच्या खेळाचा इतिहास चाळला, तर पाश्चात्त्य समाजानेही आपल्या लेकींना हीच शिकवण दिल्याचे दिसून येते.

इंग्लंडच्या जॉइस वेदरेड यांनी 1922 ते 1929 या काळात ब्रिटिश हौशी महिला अजिंक्यपद चार वेळा जिंकले. त्यांच्या खेळाची वाखाणणी खुद्द बॉबी जोन्ससारख्या श्रेष्ठ खेळाडूने मुक्तकंठाने केली. पण स्त्रीने खेळाचे मोल मागितले की कौतुकाचा सूर बदलत असे. अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सन यांनी 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मैदानी खेळांत दोन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळविले होते. सुताराच्या घरची ही मुलगी गोल्फकडे वळली, तेव्हा इतर खेळांत तिने पैसे घेतले आहेत, या कारणास्तव 1935 साली तिला ‘धंदेवाईक’ ठरवून हौशी स्पर्धांची दारे बंद करण्यात आली. ती पुन्हा उघडण्यास काही वर्षे जावी लागली. ती उघडताच या बाईंनी 1946 साली अमेरिकेचे आणि 1947 साली ब्रिटनचे हौशी अजिंक्यपद पटकावले!

1950 साली बेब, पॅटी बर्ग, लुईझ सग्ज इत्यादी तेरा जणींनी धंदेवाईक महिला गोल्फपटूंची संस्था स्थापन केली. स्वतः मोटारी हाकीत गावोगाव जाणाऱ्या या स्त्रिया खेळत, त्याचबरोबर स्पर्धांची व्यवस्थाही पाहत. कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर 1954 साली बेब यांनी अमेरिकन महिला ओपन स्पर्धा बारा फटक्यांच्या आघाडीने जिंकली. आजाराचे नाव काढण्यासही लोक कचरत, त्या काळात त्या आपल्या दुखण्याविषयी उघडपणे बोलल्या. 1956 साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

स्त्रियांनी मैदान जिंकले, तरी क्लबांचे उंबरठे मात्र हलले नाहीत. 1754 साली स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शंट क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव केला तो 2014 साली. म्युअरफील्डच्या क्लबात 2016 साली असा ठराव फेटाळला गेला. ओपन स्पर्धेचे यजमानपद हातचे जाते असे दिसल्यावर पुढच्याच वर्षी तेथील सभासदांना सुबुद्धी झाली. द्रव्याच्या बाबतीतही अंतर आहेच. 2022 च्या अमेरिकन ओपनमध्ये पुरुष विजेत्यास साडेएकतीस लाख डॉलर मिळाले; महिला विजेतीस अठरा लाख.

आता आपल्याकडे पाहू. 7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरच्या अदिती अशोक हिचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले. गोल्फचा ओ की ठो न कळणारी कुटुंबेही त्या सकाळी दूरचित्रवाणीपुढे बसली होती, याचा आम्हांस आनंदच वाटला. परंतु त्या यशामागील एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. 2016 साली रिओ येथे, ती अठरा वर्षांची असताना, तिची बॅग वडिलांनी वाहिली होती. टोकियोत ती आईने वाहिली. मुलीचा खेळ हा तिचा व्यवसाय आहे, हे त्या घराने मनोमन मानले होते.

अशी घरे किती आहेत? पदक मिळाले की पेढे वाटणारे आपण, दहावीचे वर्ष आले की मुलीची बॅट, रॅकेट वा स्टिक प्रथम माळ्यावर टाकतो. मुलग्याच्या बाबतीत जो विचार निदान एकवार होतो, तो तिच्या वाट्यास येत नाही. गोल्फची मैदाने आपल्या आवाक्याबाहेरची आहेत हे खरे. पण घराचा उंबरठा तर आपल्याच हाती आहे! क्लबांना तो ओलांडू देण्यास अडीचशे वर्षे लागली. आपण इतका वेळ घेण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.